दिनविशेष : ६ फेब्रुवारी १९९८ – पडलेल्या सिनेमातली मैफल

‘ब्लूज ब्रदर्स २०००’ हा संगीतमय विनोदी चित्रपट या दिवशी अमेरिकेत प्रदर्शित झाला. १९८०च्या ‘द ब्लूज ब्रदर्स’चा हा उत्तरार्ध. दिग्दर्शक पुन्हा जॉन लँडिस, काळ्या चष्म्यातला डॅन अ‍ॅक्रॉइडही तोच. दिवंगत जॉन बेलुशीची जागा मात्र रिकामीच राहिली. सिनेमा तिकीटबारीवर आपटला.

कथेत दम नव्हता, हे खरेच.

तरीही तो आज पाहावा तो गाण्यांसाठी. अरिथा फ्रँकलिन मोटारींच्या शोरूममध्ये ‘रिस्पेक्ट’ गाते. एका गाण्यात विल्सन पिकेट, एडी फ्लॉइड आणि किशोरवयीन जॉनी लँग एकत्र येतात. त्या गाण्याच्या गीतकारांत फ्लॉइड स्वतः आहे आणि ते गाजवले पिकेटने. शेवटच्या जुगलबंदीत बी. बी. किंग, बो डिडली, आयझॅक हेज, कोको टेलर, डॉ. जॉन, एरिक क्लॅप्टन असा गोतावळा एकाच मंचावर दिसतो. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल!

यांतले बहुतेक आता हयात नाहीत. किंग २०१५ मध्ये गेले, अरिथा २०१८ मध्ये. पडद्यावर झळकलेला हार्मोनिकावादक ज्युनिअर वेल्स तर प्रदर्शनाच्या तीनच आठवडे आधी, १५ जानेवारीला वारला होता.