द्रुतगती मार्ग, नागरी (अमेरिकेतील)

मोठ्या शहराच्या दाट वस्तीतून किंवा वस्तीच्या वरून नेलेला, चौक व वाहतूकदिवे नसलेला आणि ठराविक ठिकाणीच ज्यात शिरता वा ज्यातून बाहेर पडता येते, असा मोटारवाहनांसाठीचा मार्ग. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा मार्गांची बांधणी मुख्यतः १९३० ते १९७० या कालखंडात झाली. त्यांपैकी पुष्कळ मार्ग अपेक्षित आयुर्मानापलीकडे वापरात राहिले. अरुंद मार्गिका, धुराने काळवंडलेल्या भिंती, गंजलेल्या तुळया आणि ठिगळे लावलेला पृष्ठभाग ही त्यांची ओळख बनली. हे राकट रूप केवळ दुर्लक्षातून आलेले नाही. ज्या वेगासाठी, ज्या वाहनांसाठी आणि ज्या समजुतींनुसार हे मार्ग आखले गेले, त्यांचा इतिहास त्यात उमटलेला आहे.

प्रारंभ : न्यू जर्सी राज्यातील नेवार्क व जर्सी सिटी यांना जोडणारा, दोन नद्यांवरून जाणारा सु. ५·६ किमी. लांबीचा पुलास्की उन्नत मार्ग १९३२ मध्ये खुला झाला. त्या वेळी अशा रस्त्यांच्या अभिकल्पाचे नियम ठरलेले नव्हते. त्यामुळे मार्गिका अरुंद राहिल्या, बंद पडलेली गाडी उभी करण्यासाठी कडेला जागा ठेवली गेली नाही आणि मधले जोडरस्ते रस्त्याच्या मध्यभागी येऊन मिळाले. अपघात वाढल्याने १९३४ मध्ये मालमोटारींना तेथे बंदी करण्यात आली. दोन्ही दिशांच्या वाहतुकीमधील दुभाजक १९५६ मध्ये बसविला गेला.

कॅलिफोर्नियात लॉस अँजेल्स व पॅसाडीना यांमधील अरोयो सेको हा मार्ग ३० डिसेंबर १९४० रोजी खुला झाला. पश्चिम अमेरिकेतील हा पहिला द्रुतगती मार्ग. उद्यानातून जाणारा रमणीय रस्ता आणि वेगवान वाहतुकीचा मार्ग अशा दोन कल्पनांचा मेळ त्यात घातलेला होता. ताशी सु. ७२ किमी. वेग गृहीत धरून त्याची वळणे आखली गेली. १९५४ मध्ये त्यास पॅसाडीना द्रुतगती मार्ग हे नाव मिळाले व २०१० मध्ये मूळ नाव परत देण्यात आले. याच मार्गावर लॉस अँजेल्समध्ये रस्ते चार पातळ्यांवर एकमेकांना ओलांडतात, तो प्रसिद्ध संगम १९४९ मध्ये बांधून झाला. मात्र त्याचे सर्व जोडरस्ते १९५३ मध्ये खुले झाले.

विस्तार : राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर यांनी २९ जून १९५६ रोजी संघीय महामार्ग अधिनियमावर स्वाक्षरी केली. त्यानुसार सु. ६६,००० किमी. लांबीच्या आंतरराज्य महामार्गांची योजना झाली आणि बांधणीखर्चाचा ९० टक्के भाग केंद्र शासनाने उचलला. नगरांना एवढ्या अल्प वाट्यात नवा रस्ता मिळू लागल्याने महामार्ग शहराबाहेरून न नेता थेट मध्यभागातून नेण्याकडे कल वाढला. जमीन जेथे स्वस्त व रहिवाशांचा आवाज जेथे दुबळा, तेथून मार्ग आखले गेले. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मोझेस यांच्या पुढाकाराने झालेल्या क्रॉस-ब्राँक्स मार्गाच्या सुमारे दीड किमी. टप्प्यासाठी ईस्ट ट्रीमाँट भागातील सु. १,५०० कुटुंबांना घरे सोडावी लागली. सेंट पॉल येथील राँडो व डिट्रॉइट येथील ब्लॅक बॉटम या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या अशाच मोडल्या. न्यू ऑर्लीन्समधील क्लेबोर्न रस्त्यावर ओक वृक्षांच्या सावलीत कृष्णवर्णीयांची बाजारपेठ वसलेली होती. उन्नत मार्गासाठी ते वृक्ष १९६६ मध्ये तोडण्यात आले.

चालकाचा अनुभव : जुन्या मार्गांवर गाडी चालविणे हे नव्या महामार्गावरील प्रवासाहून वेगळे कसब ठरते. अरोयो सेको मार्गावर काही ठिकाणी प्रवेशरस्त्याच्या टोकाशीच ‘थांबा’ अशी पाटी आहे. चालकाने तेथे पूर्णपणे थांबावे, वाहनांच्या ओघात फट दिसताच जोर लावावा आणि वेग घेण्यासाठी स्वतंत्र पट्टी नसताना भरधाव वाहनांत शिरावे, अशी तेथील रीत आहे. बाहेर पडण्याची वळणे इतकी आखूड आहेत की, गाडीचा वेग जवळजवळ चालण्याच्या गतीपर्यंत उतरवावा लागतो. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात व डावी मार्गिका सर्वांत वेगवान असते. अनेक जुन्या मार्गांवर मात्र बाहेर पडण्याचा रस्ता डावीकडूनच फुटतो. त्यामुळे मंद होणारे वाहन वेगवान वाहनांच्या पुढ्यात येते. अलीकडून शिरणारे व पलीकडे बाहेर पडणारे यांना थोड्याच अंतरात एकमेकांना छेदावे लागते. उन्नत भागात काँक्रीटचे आकुंचन-प्रसरण होऊ देण्यासाठी ठेवलेल्या सांध्यांवरून जाताना चाकांचा ठेका ठराविक अंतराने ऐकू येतो. सांधे झिजले की, त्याच ठेक्याचे आदळण्यात रूपांतर होते. रोजचा चालक कोणत्या मार्गिकेत खड्डा आहे आणि कोणत्या वळणापूर्वी बाजू बदलावी, हे पाठ करून असतो. नवख्याला मात्र पाटी वाचेपर्यंत वळण मागे पडलेले असते.

झीज व दुर्घटना : थंड प्रदेशात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. खारे पाणी फटींतून व फुटक्या सांध्यांतून आत झिरपते आणि काँक्रीटमधील पोलादी सळया गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. परिणामी काँक्रीट आतून फुटते व त्याचे पापुद्रे गळतात. नित्य देखभालीने ही क्रिया लांबविता येते. परंतु नव्या बांधणीला सहज मिळणारा निधी देखभालीस त्या प्रमाणात मिळाला नाही.

न्यूयॉर्कच्या वेस्ट साइड महामार्गाचा एक भाग १५ डिसेंबर १९७३ रोजी कोसळला. तो ज्या मालमोटारीच्या भाराने कोसळला, ती त्याच महामार्गाच्या दुरुस्तीसाठी डांबरमिश्रण नेत होती. कनेक्टिकटमधील मायॅनस नदीवरील पुलाचा एक गाळा २८ जून १९८३ रोजी पडून तिघे दगावले. मिनीॲपोलिसमधील १९६७ चा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी गर्दीच्या वेळी कोसळला व १३ जण मृत्युमुखी पडले. येथे मूळ दोष गंजाचा नसून सांधपट्ट्यांची जाडी अभिकल्पातच अपुरी ठरविल्याचा होता. १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रीटा भूकंपात ओकलंडमधील सायप्रस या दुमजली उन्नत मार्गाचा वरचा मजला खालच्यावर बसला व ४२ जणांचा मृत्यू झाला. त्याच्या खांबांतील सळयांची रचना आडव्या हादऱ्यांसाठी अपुरी होती आणि एक भाग मऊ चिखलमातीवर उभा होता.

विरोध व फेरविचार : सॅन फ्रॅन्सिस्कोच्या नगर पर्यवेक्षक मंडळाने १९५९ मध्ये नियोजित दहांपैकी सात द्रुतगती मार्ग रद्द केले. बंदराकाठचा एम्बार्कादेरो मार्ग त्यामुळे अपुराच राहिला. १९८९ च्या भूकंपात त्याची हानी झाल्यावर १९९१ मध्ये तो पाडण्यात आला आणि शहराला आपला किनारा परत मिळाला. बॉस्टनचा १९५९ मध्ये पूर्ण झालेला मध्यवर्ती उन्नत मार्ग रोजच्या सु. ७५,००० वाहनांसाठी होता. पुढे ही संख्या सु. २,००,००० झाली. तेथे वाहतूक चालू ठेवून खालीच बोगदा खणण्यात आला. २००७ मध्ये पूर्ण झालेल्या या प्रकल्पास १४ अब्ज डॉलरहून अधिक खर्च आला. सीॲटलचा १९५३ चा अलास्कन वे मार्ग २००१ च्या भूकंपात खिळखिळा झाला, तरी १८ वर्षे वापरात राहून २०१९ मध्ये बंद झाला. ब्रुकलिनमध्ये टेकडीच्या कडेला एकावर एक बांधलेल्या १९५४ च्या मार्गावरील भार हलका करण्यासाठी २०२१ मध्ये प्रत्येक दिशेची एक मार्गिका कमी करण्यात आली.

महामार्गांनी तोडलेल्या वस्त्या पुन्हा जोडण्यासाठी २०२१ च्या संघीय कायद्यान्वये १ अब्ज डॉलरची तरतूद झाली. तथापि मार्ग पाडला तरी विस्थापित कुटुंबे परत येतातच असे नाही. उलट मोकळ्या जमिनीचे मोल वाढून उरलेल्या रहिवाशांना तेथे राहणे परवडेनासे होण्याचा संभव असतो. दुरुस्ती केल्यास जुनी विभागणी आणखी काही दशके पक्की होते, तर विलंब केल्यास वरून जाणारे व खाली राहणारे अशा दोघांच्याही जिवास धोका संभवतो. म्हणून जीर्ण नागरी मार्गाचा प्रश्न केवळ स्थापत्याचा राहत नाही. तो बांधताना ज्यांचे मत विचारले गेले नव्हते, त्यांना या वेळी निर्णयात कितपत स्थान मिळते, यावर त्याची उकल अवलंबून आहे.