तांडेलाचे वेळापत्रक



कोकणच्या इतिहासात आपल्याला जलदुर्ग भेटतात, सरखेल भेटतात, लढाया भेटतात. पण मुंबईहून माल भरून वेंगुर्ल्याकडे निघालेल्या शिडाच्या फत्तेमारीचा बेत कोण आखीत होते, हे आपण सहसा विचारीत नाही. तो आखीत होता तांडेल. आणि त्याच्या हाती होते पंचांग.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती पुरी, आणि पुढे सहाएक तासांनी ओहोटी पुरी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात पाणी चार मीटरांहूनही अधिक चढते-उतरते. वेंगुर्ल्याकडे जाताना हा फरक जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणून एका बंदराचा हिशेब दुसऱ्या बंदराला जसाच्या तसा लावून चालत नसे.

ओहोटी लागली की नांगर उचलायचा आणि तिच्या धारेबरोबर बाहेर पडायचे. रात्री व पहाटे जमिनीवरचा मतलई वारा घ्यायचा, दुपारनंतर समुद्रावरून येणारा वायव्येचा. दक्षिणेला जाताना हा वारा सोबती. परतताना तोच आडवा. मुक्काम करायचे ते आडोसा पाहून: हर्णै, जयगड, विजयदुर्ग. दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. तेथे ओहोटीची धार व समुद्रावरचा वारा समोरासमोर आले की लाटा फुटतात. तेव्हा बाहेर थांबायचे, भरती चढू लागली की आत शिरायचे. मग तीच भरती गलबताला गोवळकोटाकडे ओढून नेई.

या बेतात सर्वांत मोलाचे कलम थांबण्याचे होते. पावसाळा लागण्यापूर्वी गलबते किनाऱ्यावर ओढायची ती नारळी पौर्णिमेपर्यंत. व्यापाऱ्याला माल पोचण्याची घाई असते, मालकाला फेऱ्या वाढवण्याची. 'आज निघायचे नाही' हे शब्द तांडेलानेच उच्चारायचे, कारण बुडाला तर खलाशी बुडतो.

१७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. ती शिडाची नव्हती, वाफेची होती. यंत्राने वाऱ्याची वाट पाहणे संपवले. समुद्राची वाट पाहणे मात्र संपवले नाही.

कामगार चळवळीत आम्ही ज्याला धोक्याचे काम नाकारण्याचा हक्क म्हणतो, तो कोणत्याही कायद्याच्या आधी या किनाऱ्यावर रिवाज म्हणून नांदत होता. तांडेलांनी आपला इतिहास लिहिला नाही. पण सुखरूप पोचलेल्या प्रत्येक फेरीत तो आहे. आणि न निघालेल्या फेरीत तर अधिकच आहे.