सॉफ्टवेअर चौर्यविरोधी तपासणी आणि वापरकर्त्यांचा अविश्वास : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संगणक सॉफ्टवेअर ही तयार करण्यास अत्यंत खर्चिक, परंतु नक्कल करण्यास जवळजवळ विनामूल्य अशी वस्तू आहे. या विसंगतीतूनच सॉफ्टवेअर उद्योगाचा एक जुना प्रश्न उभा राहिला : ग्राहकाने विकत घेतलेली प्रत त्याच्याच उपयोगापुरती मर्यादित कशी ठेवावी? या प्रश्नाची कायदेशीर उत्तरे स्वामित्व हक्काच्या कायद्यांत आढळतात. उद्योगाने मात्र कायद्याच्या जोडीला तांत्रिक तपासणीचाही आधार घेतला. प्रत अस्सल आहे की नाही हे स्वतः सॉफ्टवेअरच तपासू लागले आणि त्यासाठी ते ग्राहकाच्या यंत्रात अधिकाधिक खोलवर शिरू लागले.

या तपासणीला झालेल्या विरोधाचे वर्णन अनेकदा 'फुकट्या वापरकर्त्यांची नाराजी' असे केले जाते. इतिहास तपासला असता हे वर्णन अपुरे ठरते. सर्वाधिक तीव्र तक्रारी पैसे मोजून सॉफ्टवेअर घेणाऱ्यांच्याच होत्या. हा अविश्वास कोणत्या टप्प्यावर व कोणत्या कारणांनी निर्माण झाला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. सन १९७६ पासूनच्या प्रमुख घटनांच्या आधारे असे दाखविता येते की, तपासणी उघड असेपर्यंत ती गैरसोय म्हणून सहन केली गेली. ती लपविली जाऊ लागली, तेव्हा तिचे रूपांतर अविश्वासात झाले.

वस्तूवरील कुलूप : १९७६ ते १९९० :

फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. 'अल्टेअर' या संगणकासाठी लिहिलेल्या 'बेसिक' भाषेच्या कागदी फितींच्या नकला संगणकप्रेमींच्या मंडळांतून मुक्तपणे वाटल्या जात होत्या. बहुसंख्य वापरकर्ते सॉफ्टवेअर चोरतात आणि मिळालेल्या मानधनाचा हिशेब केल्यास आपल्या श्रमाचे मोल ताशी दोन डॉलरहूनही कमी ठरते, अशी त्यांची तक्रार होती. हे पत्र म्हणजे आवाहन होते. त्यामागे कोणतीही यंत्रणा नव्हती.

यंत्रणा आली ती १९८० च्या दशकात. फ्लॉपीवर मुद्दाम अशी खूण ठेवली जाई की, जी साध्या नकलेत उतरत नसे. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या 'लोटस १-२-३' या हिशेबपत्रकाच्या सॉफ्टवेअरला हार्ड डिस्कवरून चालवतानाही मूळ फ्लॉपी खाचेत असावी लागे. फ्लॉपी खराब झाली की विकत घेतलेले सॉफ्टवेअर निरुपयोगी होई. अमेरिकेच्या कायद्याने १९८० मध्येच सॉफ्टवेअरच्या मालकाला राखीव प्रत करण्याचा हक्क दिला होता. हा हक्क आणि फ्लॉपीवरील कुलूप यांचा संघर्ष 'व्हॉल्ट विरुद्ध क्वेड' या खटल्यात न्यायालयापुढे आला. व्हॉल्ट कंपनी फ्लॉपीवर खूण ठेवणारे संरक्षण विकत असे, तर क्वेड कंपनी त्या खुणेची उणीव भरून काढणारे सॉफ्टवेअर विकत असे. राखीव प्रत करणे हा अशा सॉफ्टवेअरचा वैध उपयोग आहे, असे अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९८८ मध्ये मान्य केले. या दशकाच्या अखेरीस व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या अनेक मोठ्या कंपन्यांनी ग्राहकांच्या नाराजीमुळे फ्लॉपीवरील कुलपे काढून टाकली.

भारतीय वाचकाला या टप्प्याचा परिचय 'डाँगल' किंवा 'लॉक' या शब्दाने आहे. मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरसोबत मिळणारा व संगणकाच्या प्रिंटर पोर्टला जोडावा लागणारा हा ठोकळा अनेक मुद्रणालयांनी वर्षानुवर्षे सांभाळला. तो हरवला की काम बंद पडे. तथापि तो ठोकळा डोळ्यांना दिसत होता, तो काय करतो हे मालकाला ठाऊक होते आणि तो काढून ठेवणे त्याच्या हातात होते. त्यामुळे तक्रारी झाल्या तरी कोणी त्याला हेर म्हटले नाही.

याच काळातील एक घटना मात्र पुढच्या धोक्याची सूचना देणारी होती. १९८६ मध्ये लाहोर येथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम सुसंगत संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या अनधिकृत नकलांचा माग काढण्यासाठी तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे होते. व्हायरसमध्ये त्यांनी आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही नमूद केला होता. चोराचा शोध घेण्यासाठी सोडलेले सॉफ्टवेअर निरपराध लोकांच्या फ्लॉपींवरही पसरते, हा धडा त्याच वेळी मिळाला होता.

यंत्रावरील कुलूप : ॲक्टिव्हेशन :

इंटरनेटच्या प्रसारानंतर कुलपाचे स्थान बदलले. २००१ मध्ये 'ऑफिस एक्सपी' व त्यानंतर ऑक्टोबरमध्ये 'विंडोज एक्सपी' यांच्यासोबत मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हेशनची पद्धत व्यापक प्रमाणावर लागू केली. संगणकाच्या घटकांवरून एक संकेत तयार करून तो परवाना क्रमांकाशी जोडला जाई. 'विंडोज एक्सपी'साठी तीस दिवसांत ॲक्टिव्हेशन न केल्यास प्रणाली वापरता येत नसे. घटकांत पुरेसे बदल झाल्यास पुन्हा ॲक्टिव्हेशन करावे लागे.

या पद्धतीविषयी भीती मोठी होती. परंतु जुलै २००१ मध्ये बर्लिन येथील 'फुली लायसन्स्ड' या कंपनीने तिचे तांत्रिक विश्लेषण प्रसिद्ध केले. दहा घटकांची माहिती अशा संक्षिप्त स्वरूपात पाठविली जाते की, तीवरून मूळ तपशील पूर्णपणे ओळखता येत नाहीत, असे त्यातून दिसून आले. तपासणीचे स्वरूप समजल्याने भीती काहीशी ओसरली. यंत्रणा जशीच्या तशी राहूनही तिच्याविषयीचे ज्ञान वाढले की विश्वास वाढतो, याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

याउलट घडले ते 'टर्बोटॅक्स' या प्राप्तिकर विवरणपत्राच्या सॉफ्टवेअरबाबत. इंट्युइट कंपनीने २००२ या करवर्षाच्या आवृत्तीत ॲक्टिव्हेशन आणले. त्यासाठी वापरलेले तंत्र हार्ड डिस्कच्या अगदी आरंभीच्या, सामान्यतः सॉफ्टवेअरने हात न लावण्याच्या भागात खूण लिहून ठेवत असे. ग्राहकांच्या हे लक्षात आल्यावर संतापाची लाट उसळली. आपल्या उत्पन्नाची सर्व माहिती ज्या सॉफ्टवेअरच्या स्वाधीन केली, त्यानेच न सांगता डिस्कवर लिहावे, हे लोकांना रुचले नाही. मे २००३ मध्ये कंपनीने ही पद्धत मागे घेत असल्याचे जाहीर केले.

लपलेली तपासणी : सोनी बीएमजी प्रकरण, २००५ :

३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने आपल्या संगणकात आढळलेल्या एका लपलेल्या सॉफ्टवेअरचे विवरण प्रसिद्ध केले. त्याचा उगम सोनी बीएमजी कंपनीच्या, रीतसर विकत घेतलेल्या संगीताच्या सीडीत होता. नकला रोखणारे हे सॉफ्टवेअर विशिष्ट चिन्हसमूहाने आरंभ होणारी प्रत्येक फाइल वापरकर्त्यापासून अदृश्य करीत असे. यंत्राच्या मालकापासूनच आपले अस्तित्व लपविणाऱ्या अशा तंत्राला 'रूटकिट' म्हणतात. या अदृश्यतेच्या आडोशाने इतर घातक सॉफ्टवेअरलाही लपता येत होते, आणि काही आठवड्यांतच तसे घडले. ते काढून टाकण्यासाठी कंपनीने दिलेल्या साधनातही सुरक्षेची नवी त्रुटी असल्याचे प्रिन्स्टन विद्यापीठातील एड फेल्टन व ॲलेक्स हाल्डरमन यांनी दाखवून दिले.

या प्रकारचे सॉफ्टवेअर असलेल्या ५२ शीर्षकांच्या सीडी कंपनीला परत घ्याव्या लागल्या. टेक्सास राज्याने नोव्हेंबर २००५ मध्ये खटला भरला. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीनुसार संगणकाचे नुकसान झालेल्या ग्राहकांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीने मान्य केले. या प्रकरणातील मूळ विसंगती स्पष्ट आहे : अनधिकृत मार्गाने गाणी मिळविणाऱ्याच्या संगणकात हे सॉफ्टवेअर आलेच नाही, ते आले केवळ पैसे देणाऱ्याच्या संगणकात.

अपडेटच्या वेषातील तपासणी : २००६ :

सोनी बीएमजीच्या सॉफ्टवेअरचे लपणारे अंग मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००५ मध्ये घातक ठरविले व आपल्या सुरक्षा साधनांद्वारे ते काढून टाकण्याचे जाहीर केले. त्यानंतर काही महिन्यांतच या कंपनीवरही तसाच आक्षेप आला. 'विंडोज जेन्युइन ॲडव्हान्टेज' ही तपासणी जुलै २००५ पासून बहुतेक डाउनलोडसाठी सक्तीची होती. एप्रिल २००६ मध्ये तिचा सूचना देणारा भाग अमेरिकेतील संगणकांवर स्वयंचलित अपडेटच्या मार्गाने, 'महत्त्वाचे अपडेट' म्हणून पाठविण्यात आला. हा भाग चाचणीच्या अवस्थेत होता आणि तो काढून टाकण्याची सोय नव्हती. जून २००६ मध्ये असे उघडकीस आले की, तो दररोज कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतो. हा संपर्क केवळ कार्यपद्धतीविषयक सूचना घेण्यासाठी आहे, असा खुलासा कंपनीने केला. परंतु तो वापरकर्त्यांनी शोध लावल्यानंतरचा होता. त्याच महिन्यात सिएटल येथील संघीय न्यायालयात खटला दाखल झाला आणि महिनाअखेरीस कंपनीने दैनंदिन संपर्क वगळलेली सुधारित आवृत्ती दिली.

कंपनीची बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. बनावट प्रतींबरोबर घातक सॉफ्टवेअर येण्याचा धोका खरा होता. अस्सल समजून बनावट सीडी विकत घेतलेल्या ग्राहकांना पुरावा दिल्यास ठरावीक अटींवर मूळ प्रत देण्याची योजनाही होती. तथापि येथे खरे नुकसान वेगळेच झाले. सुरक्षेचे अपडेट हा निर्माता व वापरकर्ता यांच्यातील एक मूक करार असतो. वापरकर्ता न वाचता संमती देतो, कारण ते आपल्या हितासाठी आहे असा त्याचा समज असतो. त्या मार्गाने निर्मात्याच्या हिताची तपासणी पाठविली गेली, तेव्हा स्वयंचलित अपडेटच बंद ठेवावे, असा सल्ला लोक एकमेकांना देऊ लागले. अपडेट न घेतलेले संगणक किती असुरक्षित असतात, हे मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ल्याने दाखविले; त्यावरील उपाय दोन महिने आधीच उपलब्ध होता. या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध जोडणे योग्य होणार नाही; परंतु अपडेटवरील विश्वासाची किंमत त्यावरून लक्षात येते.

अस्सल ग्राहक संशयित :

तपासणी दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असल्याचा परिणाम २४ ऑगस्ट २००७ रोजी दिसला. मानवी चुकीमुळे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर अपूर्ण चाचणी झालेले सॉफ्टवेअर चढविले गेले आणि सुमारे १९ तास अस्सल प्रतीही बनावट ठरत राहिल्या. कंपनीच्या मते बाधित संगणकांची संख्या १२ हजारांहून कमी होती. संख्या लहान असली तरी निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर टाकणारी पद्धत किती नाजूक आहे, हे त्यातून दिसले. 'विंडोज व्हिस्टा'तील प्रणालीचा वापर जवळजवळ बंद पाडणारी शिक्षा कंपनीने २००८ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये काढून टाकली व तिच्या जागी वारंवार दिसणाऱ्या सूचना ठेवल्या.

ऑक्टोबर २००८ मध्ये चीनमध्ये तपासणीत न उतरलेल्या संगणकांचा पडदा दर तासाला काळा होऊ लागला, तेव्हा तेथील एका वकिलाने थेट सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाकडे तक्रार केली. चोरी करणाऱ्याच्याही यंत्रात शिरण्याचा अधिकार खाजगी कंपनीला कोणी दिला, असा तेथील आक्षेपाचा रोख होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'स्पोअर' या खेळाची प्रत केवळ तीन वेळा ॲक्टिव्हेट करता येण्याच्या अटीविरुद्ध ग्राहकांनी ॲमेझॉनवर दोन हजारांहून अधिक एक-ताऱ्याचे अभिप्राय नोंदविले. तपासणी काढून टाकलेल्या अनधिकृत प्रती मात्र सर्वत्र फिरतच होत्या.

भारतीय कायद्याची भूमिका :

भारताच्या स्वामित्व हक्क अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक सॉफ्टवेअरचा समावेश झाला. अनधिकृत प्रतीचा जाणीवपूर्वक वापर करणाऱ्यास कलम ६३ब अन्वये शिक्षेची तरतूद आहे. त्याच वेळी हानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा कलम ५२ देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ तांत्रिक संरक्षण भेदण्यास गुन्हा ठरविते, परंतु तो हक्कभंगाच्या हेतूने केला असेल तरच. याच कलमातील अपवादांत वापरकर्त्याची ओळख पटविण्यासाठी वा त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी योजलेले तांत्रिक उपाय निष्प्रभ करण्यास मोकळीक दिली आहे. संरक्षण आणि पाळत यांतील भेद भारतीय कायदेमंडळाने मान्य केला, हे येथे महत्त्वाचे आहे. हा भेदच मागील तीन दशकांच्या वादाच्या मुळाशी होता.

निष्कर्ष :

१. वापरकर्त्यांचा अविश्वास हा मूल्य चुकविण्याच्या इच्छेतून जन्मला, हे मत उपलब्ध घटनांशी जुळत नाही. 'टर्बोटॅक्स', सोनी बीएमजी व 'स्पोअर' या तिन्ही प्रकरणांत तक्रारदार प्रामुख्याने खरेदीदार होते.

२. कुलूप वस्तूवरून यंत्रावर आणि यंत्रावरून दूरच्या सर्व्हरवर सरकत गेले, तसतसे ग्राहकाला ते दिसेनासे झाले. अविश्वासाची वाढ या अदृश्यतेच्या प्रमाणात झाली.

३. तपासणीचा भार प्रामाणिक ग्राहकावर पडला. अनधिकृत प्रत वापरणाऱ्याला तपासणी काढून टाकलेली प्रत मिळत राहिली.

२०१३ पासून अनेक मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या वर्गणीच्या पद्धतीकडे वळल्या. त्या पद्धतीत तपासणी हा सेवेचाच भाग बनला आणि तिच्याविषयीची चर्चा मंदावली. तथापि मूळ प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील पुस्तक प्रकाशकाला न विचारता उघडता येते. त्याच ग्रंथालयातील संगणकावरचे सॉफ्टवेअर आपल्या निर्मात्याची अनुमती घेऊन उघडते. ही अनुमती कधी, कशासाठी व कोणत्या माहितीच्या मोबदल्यात घेतली जाते, हे वापरकर्त्याला आधी सांगितले जाणे ही विश्वासाची किमान अट आहे, असे हा इतिहास सांगतो.