गृहत्यागाचे कारण : श्रद्धा आणि प्रमाण

धम्माचा इतिहास धम्मानुयायाने लिहावा काय, आणि त्याने लिहिलेला इतिहास शास्त्रीय मानावा काय, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. ख्रिस्ती चर्चच्या इतिहासकारांपुढेही तो दीर्घकाळ उभा आहे. 'महावंसा'च्या कर्त्याने आपल्यापुरते त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. सज्जनांच्या ठायी प्रसाद व संवेग उत्पन्न व्हावा म्हणून ही रचना केली, असे तो प्रत्येक परिच्छेदाच्या अखेरीस सांगतो. हेतू उघड असला म्हणजे मजकूर खोटा ठरतो असे नव्हे. हिमवन्त प्रदेशी गेलेल्या ज्या मज्झिम थेरांचे नाव तो देतो, तेच नाव सांची परिसरातील स्तूपांतून 1851 मध्ये निघालेल्या अस्थिकरंडकांवर कोरलेले आढळले.

परंतु आमच्या वाचकांना हा प्रश्न खरोखर बोचतो तो अन्यत्र. सिद्धार्थाने गृहत्याग का केला?

वृद्ध, रोगी, मृत आणि प्रव्रजित यांच्या दर्शनाची कथा सर्वपरिचित आहे. दीघनिकायातील महापदानसुत्तात मात्र ती विपस्सी बुद्धाविषयी येते. गौतमाच्या चरित्रात ती सविस्तर भेटते ती जातकट्ठकथेच्या निदानकथेत, म्हणजे पुष्कळ उत्तरकाळी. मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात तर आईवडील अश्रू ढाळीत असता आपण घर सोडले, असे भगवंत स्वतः सांगतात. मध्यरात्रीच्या गुप्त प्रयाणाशी हे कसे जुळावे? धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात ही विसंगती मांडली आणि सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताकडे लक्ष वेधले. तेथे भगवंत आपल्या संवेगाचे कारण सांगतात, ते म्हणजे शस्त्रधारणातून उपजलेले भय आणि परस्परांशी झगडणारी प्रजा.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चार दृश्यांची कथा बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली आणि शाक्य-कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरील कलह हेच गृहत्यागाचे कारण मानले. तो कलह सिद्धार्थाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी झाला, अशी त्यांची मांडणी आहे. आता पालिच्या अभ्यासकाने येथे काय म्हणावे? अट्ठकथांत हा कलह संबोधीनंतरचा आहे, आणि तो मिटविण्यास स्वतः भगवंत येतात. हे सांगणे आमचे कर्तव्य आहे; ते टाळून बाबासाहेबांचा गौरव होत नाही. मात्र त्याच अट्ठकथा अत्तदण्डसुत्ताचा प्रसंग म्हणून हाच कलह सांगतात, हेही तितकेच खरे. संवेगाचे वचन आणि पाण्याचा तंटा यांची सांगड परंपरेनेच घातली होती. तंट्याचा काळ गृहत्यागापूर्वी नेणे हे बाबासाहेबांचे अनुमान होय. चार दृश्ये विपस्सीच्या चरित्रातून गौतमाच्या चरित्रात आणणे हेदेखील कोणाचे तरी अनुमानच होते. त्याच्या कर्त्याचे नाव तेवढे आपणांस ठाऊक नाही.

या दोन अनुमानांत दुसऱ्याला 'परंपरा' म्हणावे आणि पहिल्याला 'विपर्यास', हा न्याय आम्हांस मान्य नाही. तसेच पहिल्याला सिद्ध घटना म्हणून परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहावे, हेही मान्य नाही. जे बुद्धिसंगत तेच बुद्धवचन मानावे, ही बाबासाहेबांची कसोटी धम्म म्हणून काय स्वीकारावे हे ठरविते. एखादी घटना कोणत्या वर्षी घडली हे तिने ठरत नाही, आणि तसा दावा त्या कसोटीत नाहीही. आमचे काही मित्र हा भेद करताना अस्वस्थ होतात. पाण्यासाठी महाडचा सत्याग्रह केलेल्या समाजाला रोहिणीचा प्रसंग आपला वाटतो, हे आम्ही जाणतो. आम्हांसही तो आपला वाटतो.

बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत मूळ स्थळांचे निर्देश नव्हते. ते शोधण्याचे कष्ट भदन्त आनन्द कौसल्यायन यांनी हिंदी अनुवादाच्या निमित्ताने घेतले. ते चीवरधारी भिक्खू होते आणि बाबासाहेबांविषयी त्यांना नितांत आदर होता. म्हणूनच त्यांनी पालि ग्रंथ उघडले.