गोवर्धनचे फलक, सराफाची हुंडी आणि ब्लॉकचेन

सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतून नाशिककडे जाणारी जुनी व्यापारी वाट इगतपुरीजवळच्या थळघाटाने सह्याद्री चढते. या वाटेने माल आला, नाणे आले आणि पैशाच्या व्यवहारातला मूळ प्रश्नही आला: कोणाचे कोणाकडे किती, याची नोंद कोणी ठेवायची आणि ती खरी कोणी मानायची? क्रिप्टोकरन्सी हे या प्रश्नाला 2008 मध्ये दिले गेलेले एक उत्तर आहे. तिची परिभाषा या परिसराच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिली, तर बरीच सोपी होते.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने 3000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांतील 2000 गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा शेकडा एक दराने, तर 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने गुंतवले. मुद्दल परत घ्यायचे नव्हते. फक्त व्याज वापरायचे होते. दोन हजारांचे वर्षाचे व्याज 240 होते, आणि लेखात वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12 कार्षापण सांगितले आहेत. हिशेब चोख जुळतो. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे: हा व्यवहार निगमसभेत जाहीर वाचून दाखवला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवला गेला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ठेवीची सुरक्षितता सर्वांसमक्ष केलेल्या नोंदीवर उभी होती.

क्रिप्टोकरन्सी जिच्यावर चालते ती ब्लॉकचेन म्हणजे अशीच सर्वांसमोर ठेवलेली रोजकीर्द. फरक एवढाच की तिची पूर्ण प्रत एका सभेकडे नसते, जगभरच्या हजारो संगणकांवर असते. अशा प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. व्यवहारांचा एक गट म्हणजे ब्लॉक. ब्लॉकमधील मजकूर ठरावीक गणिती सूत्रातून काढला की एक लांबलचक संख्या मिळते, ती हॅश. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी हॅश पूर्ण बदलतो. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश लिहिलेला असतो, म्हणून जुन्या पानावर खाडाखोड झाली की पुढची सगळी पाने जुळेनाशी होतात. साखळी ती हीच.

नाण्यांच्या काळात असे बंधन नव्हते. इगतपुरी तालुक्यात उगम पावणारी दारणा जिथे गोदावरीला मिळते, त्या जोगलटेंभी परिसरात 1906 मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. राज्य बदलले, की त्याच चांदीवर नवी सत्ता उमटत असे. चलन कोणाचे, हे ज्याच्या हाती ठसा तो ठरवत होता. पेशवाईत चांदवडच्या टांकसाळीचा रुपया इतर अनेक रुपयांबरोबर चालत होता आणि सराफ बट्टा घेऊन ते बदलून देत. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकच रुपया ठरला.

रोकड घाटातून नेणे धोक्याचे, म्हणून व्यापारी हुंडी, म्हणजे पैसे देण्याचा लेखी आदेश, लिहीत. हुंडी हरवली तर पेठ, म्हणजे तिची दुसरी प्रत, आणि पेठही हरवली तर परपेठ, म्हणजे तिसरी प्रत, दिली जाई. तिन्ही कागद पुढेमागे हजर झाले तरी पैसे एकदाच मिळत, कारण चुकती झाल्याची नोंद सराफाच्या वहीत असे. डिजिटल पैशाची खरी अडचण हीच होती. संगणकातील फाइलची नक्कल सहज होते, तेव्हा तोच पैसा दोनदा खर्च होऊ नये म्हणून मध्ये बँक लागे. 31 ऑक्टोबर 2008 रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या टिपणाने बँकेशिवाय हे साधण्याची रीत मांडली. 3 जानेवारी 2009 रोजी या रीतीवर चालणाऱ्या बिटकॉइन या क्रिप्टोकरन्सीचा पहिला ब्लॉक तयार झाला.

पुढचा ब्लॉक कोणी जोडायचा, यासाठी संगणकांना अवघड कोडे सोडवावे लागते. या कामाला मायनिंग म्हणतात. जो आधी सोडवतो त्याला नवे बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला हे बक्षीस 50 होते. दर 2,10,000 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, ते निम्मे होते. एकूण संख्या 2 कोटी 10 लाखांपुढे जाणार नाही, असा नियम आहे. या पद्धतीला वीज फार लागते. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर 2022 मध्ये ती सोडून, स्वतःची नाणी तारण ठेवणाऱ्यांकडे पडताळणी सोपवली.

वॉलेटमध्ये नाणी नसतात, चाव्या असतात. सार्वजनिक चावीवरून पैसे स्वीकारण्याचा पत्ता तयार होतो. खासगी चावीने व्यवहारावर सही होते. हरवलेल्या हुंडीची पेठ मिळे, हरवलेल्या खासगी चावीची मिळत नाही. नवख्या माणसाने ही एक गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यावी.

ब्लॉकचेनचा उपयोग पैशापुरता नाही. 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जात प्रमाणपत्रांची पडताळणी या तंत्राने करण्याचा उपक्रम सुरू झाला.

भारतात चलनाचा अधिकार मात्र राज्यसंस्थेकडेच आहे. नाशिकरोडच्या मुद्रणालयात 1928 पासून नोटा छापल्या जातात. रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 रोजी सामान्य ग्राहकांसाठी ई-रुपयाची चाचणी सुरू केली. तो नोटेप्रमाणेच बँकेचे देणे आहे. बिटकॉइन भारतात कायदेशीर चलन नाही. 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर लागतो आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही.