प्रवासी ट्रेलरमधील टायर दाब निरीक्षण प्रणाली

प्रवासी ट्रेलरमधील टायर दाब निरीक्षण प्रणाली ही मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या, राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरच्या टायरांतील हवेचा दाब व तापमान मोजून चालकास कळवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था होय. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला टीपीएमएस असेही म्हणतात. अशा ट्रेलरला अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, तर ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन हे नाव रूढ आहे. नव्या मोटारींत ही प्रणाली कारखान्यातूनच बसवलेली असते. ट्रेलरच्या बाबतीत मात्र ती निवडण्याचे व बसवण्याचे काम बहुतेक वेळा मालकाकडेच येते.

पार्श्वभूमी

प्रवासी मोटारीत ही प्रणाली प्रथम १९८६ मध्ये पोर्शे ९५९ या गाडीत आली. तिचा सक्तीने प्रसार मात्र फायरस्टोन टायर व फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या अपघातमालिकेनंतर झाला. त्या प्रकरणामुळे अमेरिकी काँग्रेसने २००० मध्ये कायदा केला आणि त्यानुसार संघीय सुरक्षा मानक क्रमांक १३८ तयार झाले. सप्टेंबर २००७ पासून सुमारे ४,५३६ किलोग्रॅमपर्यंतच्या नव्या मोटारी व हलके ट्रक यांना ही प्रणाली अनिवार्य झाली. शिफारस केलेल्या दाबापेक्षा टायरचा दाब २५ टक्क्यांनी कमी झाल्यास चालकाला इशारा मिळाला पाहिजे, अशी या मानकाची अट आहे. ट्रेलर या मानकाच्या कक्षेत येत नाहीत. युरोपीय संघाने २०२२ ते २०२४ या काळात टप्प्याटप्प्याने ट्रेलरनाही ही अट लागू केली, पण ती ३.५ टनांपेक्षा जड ट्रेलरपुरती आहे. बहुसंख्य कॅराव्हॅन त्याहून हलक्या असल्याने त्या नियमाबाहेरच राहतात.

ट्रेलरची वेगळी गरज

मोटारीचे टायर बसू लागले की चालकाला ते सुकाणूवर किंवा बैठकीखाली जाणवते. ट्रेलरच्या बाबतीत तसे होत नाही. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरचे एक टायर बसले तरी शेजारचे टायर त्याचा भार उचलते आणि गाडी सरळ चालत राहते. बसलेल्या टायरच्या बाजू सतत दुमडतात, आतले तापमान चढते आणि शेवटी टायर फुटते. तुटलेल्या रबराचे फटके चाकावरच्या जागेत बसून ट्रेलरची फरशी, विजेच्या तारा, पाण्याचे किंवा गॅसचे नळ फाटू शकतात. दरम्यान जादा भार उचलणाऱ्या शेजारच्या टायरचेही आयुष्य घटलेले असते.

दाब व भारक्षमता यांचे नाते ट्रेलरमध्ये विशेष काटेकोर असते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या एसटी २२५/७५आर१५ या मापाच्या ट्रेलर-टायरची क्षमता ८० पीएसआय दाबाला सुमारे १,२८४ किलोग्रॅम, ६५ पीएसआयला १,१५२ किलोग्रॅम आणि ५० पीएसआयला ९७५ किलोग्रॅम असते. पेट्रोलपंपावर मोटारीच्या चाकात साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा भरली जाते, हे लक्षात घेतल्यास हे दाब किती चढे आहेत याची कल्पना येते.

प्रकार

अप्रत्यक्ष प्रणाली चाकाच्या फिरण्याच्या वेगातील फरकावरून दाबाचा अंदाज बांधते आणि त्यासाठी एबीएस ब्रेकचे संवेदक वापरते. बहुतेक प्रवासी ट्रेलरना साधे विद्युत ब्रेक असतात, त्यामुळे हा मार्ग तेथे बंद होतो. उरते ती प्रत्यक्ष प्रणाली. तिच्यात प्रत्येक चाकावर एक संवेदक असतो आणि तो रेडिओलहरींनी चालकापुढील पडद्याला माप कळवतो.

रिमच्या आत बसवलेला संवेदक चोरी व धक्क्यांपासून सुरक्षित असतो, परंतु त्याची बॅटरी संपल्यावर टायर रिमवरून उतरवावे लागते. व्हॉल्व्हवर टोपणासारखा फिरवून बसवायचा संवेदक मालकाला स्वतः लावता येतो. या दुसऱ्या प्रकारातील काही संवेदक हवा भरताना काढावे लागत नाहीत. ते सोयीचे असले तरी लांब व जड असतात.

निवडीचे निकष

दाबाची मर्यादा प्रथम तपासावी लागते. मोटारींसाठी बनवलेले काही संच ८० पीएसआयपर्यंतचे दाब मोजू शकत नाहीत. शिवाय धावताना दाब वाढतो, म्हणून टायरच्या थंड दाबापेक्षा बरीच वरची मर्यादा असलेला संचच उपयोगी ठरतो.

दुसरा प्रश्न रेडिओसंकेताच्या पल्ल्याचा. नऊ मीटर लांबीच्या ट्रेलरच्या मागील अ‍ॅक्सलपासून पिकअपच्या चालकापर्यंत संकेत पोचायचा असतो आणि वाटेत धातूची चौकट, चाकावरचे पत्रे, कधी अ‍ॅल्युमिनियमचे अख्खे कवच आडवे येते. म्हणून लांब ट्रेलरसाठी संकेत पुढे पाठवणारा रिपीटर घेतात. संकेत तुटल्यावर पडदा तसे स्पष्ट सांगतो की शेवटचे जुने माप दाखवत राहतो, हे खरेदीपूर्वी पाहण्याजोगे आहे. गप्प बसलेली प्रणाली चालकाला खोटा दिलासा देते. फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या काही मोठ्या पिकअपमध्ये ट्रेलरचे टायर गाडीच्या मूळ पडद्यावरच दाखवण्याची सोय आहे.

व्हॉल्व्हकडे खरेदीदाराचे सहसा लक्ष जात नाही. मोटारींत सर्रास आढळणारा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्या थंड दाबासाठी असतो. त्याच्या टोकावर जड संवेदक बसवल्यास फिरताना तो झुकतो, मुळाशी रबराला चिरा पडतात आणि हवा गळू लागते. अशा वेळी गळती पकडण्यासाठी आणलेले उपकरणच गळतीचे कारण ठरते. त्यामुळे जड संवेदकांसाठी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घेणे आवश्यक मानले जाते.

इशाऱ्याच्या मर्यादा

संच घेतल्यावर इशारा कोणत्या दाबाला द्यायचा हे बहुधा मालकालाच ठरवावे लागते. मोटारींचा २५ टक्क्यांचा निकष ट्रेलरला सैल पडतो. वर दिलेल्या टायरचा थंड दाब ६५ पीएसआय असल्यास इशारा सुमारे ४९ पीएसआयला मिळेल आणि तोवर प्रत्येक टायरची पावणेदोनशे किलोग्रॅमहून अधिक क्षमता गेलेली असेल. उलट मर्यादा फार आवळूनही चालत नाही. २० अंश सेल्सियसला ६५ पीएसआय असलेले टायर ० अंशाला सुमारे ६० पीएसआय दाखवते, म्हणजे गळती नसताना ८ टक्के घट होते. म्हणून खालचा इशारा १० ते १५ टक्क्यांच्या घटीवर ठेवणे सयुक्तिक ठरते. आतली हवा ५० अंशांपर्यंत तापल्यास हेच टायर सुमारे ७३ पीएसआयवर जाते. वरचा इशारा याहून पुरेसा वर नसेल तर भर दुपारी तो विनाकारण वाजत राहतो आणि कंटाळलेला चालक तो बंद करून टाकतो. तापलेल्या टायरमधील हवा काढून दाब खाली आणणे चूक आहे. रात्री थंड झाल्यावर ते टायर कमी दाबाचे ठरते.

बॅटरी वाचवण्यासाठी संवेदक दाब स्थिर असताना काही मिनिटांच्या अंतराने संकेत देतात. दाब झपाट्याने उतरू लागताच तत्काळ संकेत देण्याची सोय त्यांत असणे म्हणूनच अगत्याचे आहे. व्हॉल्व्हच्या टोकावरील संवेदकाला वाऱ्याचा झोत लागतो, त्यामुळे त्याने दाखवलेले तापमान टायरच्या आतील तापमानापेक्षा कमी असते. अशा वेळी आकड्यापेक्षा चार चाकांची परस्पर तुलना अधिक बोलकी असते. टायरच्या थरांचे विलगीकरण किंवा वयामुळे सुकलेले रबर ही प्रणाली ओळखू शकत नाही. दाब शेवटपर्यंत बरोबर असलेले जुने टायरही कोणताही इशारा न देता फुटू शकते.