गणपतराव देशमुख : एक मतदारसंघ, एक पक्ष, अकरा विजय

महाराष्ट्राच्या विधानसभेत सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा मान सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांच्याकडे जातो. १९६२ ते २०१४ या कालावधीत ते अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. हे सर्व विजय त्यांनी एकाच मतदारसंघातून आणि शेतकरी कामगार पक्ष या एकाच पक्षाच्या उमेदवारीवर मिळविले. पक्षांतर हा ज्या राज्यात राजकीय कारकिर्दीचा नित्याचा टप्पा मानला जातो, तेथे अकरा या आकड्यापेक्षा ही दुसरी गोष्टच अधिक दुर्मीळ म्हणावी लागेल.

हा देशातील विक्रम असल्याचे अनेकदा सांगितले जाते. ते मात्र खरे नाही. केरळमधील के. एम. माणी हे पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले होते, तर तमिळनाडूत एम. करुणानिधी यांनीही तेरा वेळा विधानसभा जिंकली. देशमुखांच्या आमदारकीच्या वर्षांविषयीही असाच गोंधळ आहे. पंचावन्न वर्षे आमदार, असा उल्लेख सर्रास आढळतो. पण मधल्या दोन पराभवांचा काळ वजा केल्यास प्रत्यक्ष सभागृहातील वर्षे पन्नासच्या आसपास भरतात. तीही कमी नाहीत.

१० ऑगस्ट १९२६ रोजी मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे जन्मलेल्या देशमुखांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि सांगोल्यात वकिली सुरू केली. त्यांच्या तरुणपणी शेतकरी कामगार पक्ष हा महाराष्ट्रातील काँग्रेसविरोधाचा मुख्य प्रवाह होता. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी १९४७ मध्ये काँग्रेसअंतर्गत गट म्हणून त्याची उभारणी केली आणि १९४८ मध्ये हा गट काँग्रेसबाहेर पडला. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाने मार्क्सवादाची वाट धरली. पुढे जेधे व मोरे हे दोघेही स्वगृही परतले. यशवंतराव चव्हाण यांच्या काळात बहुजन समाजातील नेतृत्वाला काँग्रेसमध्ये मोठा वाव मिळू लागला आणि 'शेकाप'मधून तिकडे जाणाऱ्यांची रीघ लागली. देशमुख १९६२ मध्ये प्रथम विधानसभेत आले ते नेमक्या याच ओहोटीच्या आरंभी. त्या वर्षी पक्षाचे १५ आमदार निवडून आले होते. १९६७ मध्ये ते १९ झाले. संख्या लहान असली तरी विरोधी पक्षनेतेपद याच पक्षाकडे होते. कृष्णराव धुळप, त्यांच्यानंतर दिनकर पाटील आणि १९७७-७८ मध्ये स्वतः गणपतराव देशमुख असे सलग तीन विरोधी पक्षनेते 'शेकाप'ने दिले.

मध्यंतरी १९७२ चा पराभव येऊन गेला होता. इंदिरा गांधी यांच्या लाटेच्या त्या निवडणुकीत काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटील यांनी त्यांना हरविले. दोन वर्षांनी, १९७४ च्या पोटनिवडणुकीत, देशमुख पुन्हा निवडून आले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असा विजयांचा क्रम अखंड राहिला.

सांगोला हा कायम अवर्षणप्रवण तालुका. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या भागात वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. माण नदी वर्षातील बहुतेक काळ कोरडी. खिलार जनावरे, मेंढपाळी, कोरडवाहू ज्वारी आणि पोट भरण्यासाठी परगावी जाणारे मजूर, हे इथले जुने चित्र. अशा तालुक्याच्या आमदाराला दोनच विषय पुरतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही : हाताला काम आणि शेताला पाणी. देशमुखांची सभागृहातील सारी कारकीर्द या दोन विषयांभोवती फिरली.

पहिल्या विषयाची पार्श्वभूमी १९७२ च्या दुष्काळाची आहे. त्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला मोठे रूप मिळाले. विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केलेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा राज्यात शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार होते. जुलै १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारात 'शेकाप' सहभागी होता. देशमुख आणि प्रा. एन. डी. पाटील हे दोघेही मंत्री होते. फेब्रुवारी १९८० मध्ये हे सरकार बरखास्त झाले. पुढे १९९० पासून रोजगार हमीशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेली. मजुरीचा खर्च शासनाने सोसायचा आणि शेतकऱ्याने आपल्याच रानात झाडे लावायची, अशी ही योजना. सांगोल्याचे माळरान डाळिंबाने हिरवे झाले त्यात या योजनेचा वाटा मोठा आहे. अर्थात डाळिंबाचे सुखही निर्वेध नव्हते. तेल्या रोगाने आणि अलीकडच्या वर्षांत खोडकिडीने अनेक बागा उपटून टाकाव्या लागल्या.

दुसरा विषय पाण्याचा, आणि तो अधिक कठीण. कृष्णा खोऱ्यातील पाण्याच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. तोपर्यंत जे पाणी अडविले व वापरले जाणार नाही, त्यावरचा हक्क अडचणीत येईल, ही भीती होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांना एकत्र आणून पाणी संघर्ष चळवळ उभी केली. १९९३ पासून आटपाडीला तिच्या परिषदा भरू लागल्या. डॉ. भारत पाटणकर यांच्यासह गणपतराव देशमुख हे या चळवळीचे प्रमुख नेते होते. समन्यायी पाणीवाटप, म्हणजे जमीन किती यावर नव्हे तर कुटुंबाची गरज किती यावर पाणी, ही या चळवळीची मागणी. उसाच्या पट्ट्यातील राजकारणाला ती फारशी रुचणारी नव्हती. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कराड तालुक्यातील टेंभू आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथून कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडील दुष्काळी भागात नेणाऱ्या योजनांची कामे पुढे सरकली, निधीअभावी रखडली, पुन्हा सुरू झाली. टेंभूचे पाणी सांगोल्याच्या शिवारात आले, त्यामागे या तीन दशकांच्या पाठपुराव्याचा इतिहास आहे. ते साऱ्या गावांना पुरेसे मिळाले, असा दावा देशमुखांनीही कधी केला नसता.

गंमत अशी, की चळवळ जोरात असतानाच १९९५ मध्ये त्यांचा पराभव झाला. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरविले. वयाची सत्तरी जवळ आली होती, राज्यात शिवसेना-भाजप युतीची सत्ता आली होती आणि 'शेकाप' सहा जागांवर आला होता. अनेकांनी ही अखेर मानली. परंतु १९९९ मध्ये देशमुख पुन्हा निवडून आले, ते पुढील वीस वर्षांसाठी.

१९९९ मध्ये काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसच्या लोकशाही आघाडीला बहुमतासाठी छोट्या पक्षांची गरज होती. विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात गणपतरावांकडे पणन व रोजगार हमी ही खाती आली. अलिबागच्या मीनाक्षी पाटील राज्यमंत्री झाल्या. हा सहभाग टिकला नाही. रायगड जिल्ह्यात राष्ट्रवादी काँग्रेसशी झालेल्या संघर्षातून २००२ च्या जूनमध्ये 'शेकाप'ने सरकारचा पाठिंबा काढला आणि मंत्री बाहेर पडले. सरकारने १३ जून रोजी विश्वासदर्शक ठराव जिंकला, पण त्याआधीचे काही दिवस राज्याचे राजकारण पाच आमदारांच्या या पक्षाभोवती घुटमळत होते. सांगोल्याच्या आमदाराने रायगडच्या भांडणापायी मंत्रिपद सोडावे यात पक्षशिस्त दिसते. त्याचबरोबर पक्षाचे बळ कोठे एकवटले होते, हेही दिसते.

सभागृहात छोट्या पक्षाच्या सदस्याला चर्चेसाठी मिळणारा वेळ संख्याबळावर ठरतो. त्यामुळे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना ही नियमांनी दिलेली आयुधे हाच त्याचा आधार असतो. देशमुखांनी ती आयुष्यभर वापरली. वकिली शिस्तीची मांडणी, अर्थसंकल्पातील आकडे आणि चढा आवाज न करता विचारलेला प्रश्न, ही त्यांच्या भाषणाची पद्धत. एसटीत आमदारांसाठी राखीव असलेल्या आसनाचा खरोखर उपयोग करणारे आमदार म्हणूनही ते ओळखले जात. साधेपणाच्या या कथा वृत्तपत्रांना प्रिय होत्या, मात्र त्यांच्या भरात त्यांचे संघटनकौशल्य झाकले जाते. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढून ती चालवून दाखविणे, हे साधेपणाने नव्हे, हिशेबाने साधते. गावोगावची पक्षाची शाखा, सहकारी संस्था आणि धनगर समाजासह विविध समाजांतील कार्यकर्त्यांचे जाळे, यांवर हा गड उभा होता. कार्यकर्त्यांसाठी ते 'आबासाहेब' होते. पक्षाच्या रीतीप्रमाणे 'भाई'.

२०१४ मध्ये, मोदी लाटेच्या काळात, त्यांनी अकराव्यांदा विजय मिळविला. शिवसेनेचे उमेदवार झालेले शहाजीबापू पाटील या वेळी २५ हजारांहून अधिक मतांनी मागे राहिले. देशमुख तेव्हा ८८ वर्षांचे होते आणि विधानसभेत पक्षाचे अवघे तीन आमदार उरले होते.

पक्षाच्या या घसरणीचे उत्तर त्यांच्या कारकिर्दीत सापडत नाही. कंधार, उस्मानाबाद, सांगली, कोल्हापूर येथील 'शेकाप'चे बालेकिल्ले एकेक करून ढासळले. रायगड आणि सांगोला तेवढे तग धरून राहिले. सांगोल्यात तग धरला तो एका व्यक्तीच्या आधारावर, आणि तिला पर्याय वेळेत उभा राहिला नाही. २०१९ मध्ये वयोमानामुळे देशमुखांनी न लढण्याचा निर्णय घेतला, तेव्हा प्रथम दुसऱ्या उमेदवाराचे नाव पुढे आले आणि कार्यकर्त्यांच्या आग्रहानंतर त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी मिळाली. घराणेशाहीवर टीका करीत वाढलेल्या पक्षाला शेवटी घराण्याचाच आधार घ्यावा लागला. त्या निवडणुकीत शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी विजयी झाले. हेच पाटील २०२२ मधील शिवसेनेतील फुटीच्या वेळी गुवाहाटीतून केलेल्या 'काय झाडी, काय डोंगार'च्या संभाषणामुळे राज्यभर ठाऊक झाले.

३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे, वयाच्या ९४ व्या वर्षी, गणपतराव देशमुख यांचे निधन झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एकाच व्यासपीठावर होते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापू पाटील यांचा २५ हजारांवर मतांनी पराभव करून ही जागा परत मिळविली. संपूर्ण राज्यात त्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचा निवडून आलेला तो एकमेव उमेदवार होता.